निरोप्या आणि हिशेबनीस

किनवट : कपाशीला पात्या-फुले लागू लागली की नांदेड जिल्ह्याच्या या सीमावर्ती तालुक्यात दोन गोष्टींना सारखेच महत्त्व येते. कोणत्या शिवारात बोंडअळी किती आहे, ही एक. आणि फवारणीचा सल्ला वेळेत पोहोचला की नाही, ही दुसरी. पहिले काम हिशेबनिसाचे, दुसरे निरोप्याचे. संगणकाच्या जगात या दोन कामांसाठी दोन निराळी साधने आहेत : ठरल्या वेळी ई-मेल पाठविणारी प्रणाली आणि विश्लेषणासाठी बांधलेला माहितीकोश, अर्थात अॅनालिटिक्स डेटाबेस. दोन्हींच्या जाहिरातीत 'अहवाल' हा शब्द असतो. त्यामुळे 'यातले चांगले कोणते?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. वस्तुतः तो प्रश्न टपाल खाते चांगले की तलाठ्याचे दप्तर, असे विचारण्यासारखा आहे.

या दोन कामांची फारकत कशी करावी, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर उंटअळी आणि तंबाखूची पाने खाणारी अळी यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्याने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. 'क्रॉपसॅप' या नावाने तो ओळखला जातो. निवडलेल्या शेतांत ठरल्या दिवशी निरीक्षणे घ्यायची, ती संगणकात भरायची, राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या मदतीने त्यांचे एकत्रीकरण करायचे आणि कृषी विद्यापीठांच्या तज्ज्ञांचा सल्ला मोबाईल संदेशाने शेतकऱ्यापर्यंत न्यायचा, अशी ही साखळी. हिशेब एका कडीत, निरोप दुसऱ्या कडीत.

हिशेबाची कडी आधी पाहू. गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली आहे : कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज सरासरी ८ पतंग. आता प्रत्येक नोंदीत गाव, दिनांक, वाण, पेरणीची तारीख, पाऊस, पतंगांची संख्या अशी वीस-पंचवीस सदरे आहेत असे समजा. 'कोणत्या गावांनी पातळी ओलांडली?' या प्रश्नाला त्यातली तीनच सदरे लागतात. नेहमीचा डेटाबेस एकेक नोंद सलग साठवतो. म्हणजे तीन सदरांसाठी सगळीच पाने उलटणे आले. विश्लेषणाचा डेटाबेस उभा विचार करतो. सगळी गावे एकीकडे, सगळे दिनांक दुसरीकडे, सगळे पतंग तिसरीकडे. हवे तेवढेच सदर वाचले जाते. शिवाय एकाच सदरात 'किनवट' हा शब्द लागोपाठ दहा हजार वेळा आला, तर तो एकदाच लिहून पुढे संख्या टाकता येते. जागा वाचते, वेळही वाचतो.

महसूल खात्याला ही कल्पना नवी वाटू नये. सातबारा एका गटाची सगळी माहिती देतो. पण गावात कापूस एकूण किती, हे सातबारे चाळून कोणी मोजत नाही. त्यासाठी गाव नमुना अकरा, म्हणजे पिकांचा गोषवारा, वेगळा ठेवलेला असतो. मायकेल स्टोनब्रेकर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'सी-स्टोअर' या रचनेवर निबंध लिहिला. रशियातील यांडेक्स कंपनीने आपला 'क्लिकहाऊस' २०१६ मध्ये सर्वांसाठी खुला केला. यंत्रे नवी, गरज गोषवाऱ्याचीच. उणीवही तशीच : एखादी चुकलेली नोंद दुरुस्त करणे अशा डेटाबेसला जड जाते. बेरजेत तो तरबेज, खाडाखोडीत मंद.

निरोप्याची कडी त्या मानाने साधी. ठरल्या वेळी काम करून घेण्याची 'क्रॉन' ही सोय युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून आहे. जीमेलने निरोपाची वेळ ठरविण्याची सोय १ एप्रिल २०१९ रोजी दिली. मात्र घड्याळ नेमके कोठे चालते, हे पाहणे अगत्याचे आहे. जीमेलचे घड्याळ कंपनीच्या संगणकावर चालते. पाठविणाऱ्याच्या गावी वीज नसली तरी पत्र निघते. याउलट क्रॉन स्वतःच्या संगणकावर लावला आणि नेमक्या त्या मिनिटाला वीज गेली, तर काम राहूनच जाते. वीज परतल्यावर क्रॉन ते आठवणीने करीत नाही. भारनियमन अनुभवलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

खरा धोका पुढेच आहे. सोमवारी लिहिलेला फवारणीचा सल्ला गुरुवारी सकाळी ७ वाजता जावा, अशी व्यवस्था केली. मंगळवारी हवामानाचा अंदाज बदलला, बुधवारी जोराचा पाऊस झाला. गुरुवारी ७ वाजता निरोप जातोच. औषध पावसात वाहून जाण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी. वेळापत्रकाला वेळ कळते. मजकूर अजून खरा आहे की नाही, हे कळत नाही. कोणीतरी लक्षात ठेवून निरोप थांबवावा लागतो.

हिशेबनीसही निर्दोष नाही. 'नोंद नाही' आणि 'पतंग शून्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगराआडच्या एखाद्या गावातून नेटवर्कअभावी आकडेच आले नाहीत, तर बेरीज करताना डेटाबेस रिकामी जागा निमूटपणे वगळतो आणि उरलेल्या गावांची सरासरी चोख काढून देतो. नकाशावर ते गाव निर्धोक दिसते. दुर्गम भागाच्या बाबतीत ही चूक सर्वांत घातक, कारण जेथून माहिती येत नाही, तेथेच बहुधा मदतही उशिरा पोहोचते.

म्हणून निवड करायची ती साधनाची नव्हे, जोडणीची. ठरल्या वेळी आधी डेटाबेसला प्रश्न विचारला जावा आणि ताजे उत्तर आले तरच पत्र निघावे. नोंद तीन दिवसांहून जुनी असेल, तर सल्ल्याऐवजी संबंधित कर्मचाऱ्यालाच स्मरणपत्र जावे. निरोपात निरीक्षणाचा दिनांक असावा आणि न आलेल्या गावांची यादीही. हे सारे चार ओळींच्या आज्ञावलीत बसते; पण विकत घेतलेल्या साधनात ते आपोआप येत नाही, मागून घ्यावे लागते.

खर्चाचा बाऊ करण्याचे मात्र कारण नाही. शंभर शेते, आठवड्यातून दोन निरीक्षणे, वीस आठवडे असे धरले तरी हंगामाच्या नोंदी होतात ४ हजार. एक्सेलच्या एका पानावर १० लाख ४८ हजार ५७६ ओळी मावतात. एका तालुक्याला क्लिकहाऊससारखे अवजड यंत्र लागत नाही. वर्षानुवर्षांच्या, अनेक जिल्ह्यांच्या नोंदी एकत्र ताडून पाहायच्या असतील, तरच त्या पायरीचा विचार करावा. मधला मार्ग हवा असेल, तर अॅमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेतून २०१९ मध्ये आलेला 'डकडीबी' हा उभ्या सदरांचा डेटाबेस साध्या लॅपटॉपवर, फुकट चालतो.