हप्ता गेला कुठे?

पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते. महाराष्ट्रात २०२३ पासून ‘नमो शेतकरी’चे तेवढेच आणखी. तरी हप्ता पडला की गावात कुणीतरी म्हणतंच, “माझे आलेच नाहीत.” बरेचदा ते आलेले असतात, पण दुसऱ्याच बँकेत! कारण आधारवर पैसे पाठवताना अर्जातला खाते क्रमांक बघितलाच जात नाही. बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत एका आधारपुढे एकच बँक असते, शेवटी जोडलेली. अर्जावर जिल्हा बँक लिहिली आणि पुढे दुसरीकडे खातं काढून तिथे आधार जोडलं, की रक्कम गुपचूप तिकडे वळते. तेव्हा तलाठ्याकडे खेटे घालण्याआधी आपल्या सगळ्या खात्यांची पासबुकं भरून आणावीत. खंडाने शेत कसणाऱ्याला मात्र कुठलंही खातं जोडून उपयोग नाही. सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव लागतं.