परभणीच्या पंपावरचे तीन रुपये

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य परभणीचा माणूस परगावी गेला की एकदा तरी म्हणतोच. २०१८ पासून परभणीचं नाव त्याच्या आधी लोकांच्या घरी पोचायला लागलं, ते पेट्रोलच्या बातमीतून. सप्टेंबर २०१८ मध्ये परभणीत पेट्रोलनं लिटरमागे ९० रुपये ओलांडले, तेव्हा मुंबई अजून अलीकडेच होती. मे २०२१ मध्ये शंभरी आली, तीही मुंबईच्या आधी. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत लिटर १२० रुपये ५१ पैशांना मिळत होतं, आणि परभणीच्या पंपावरचा आकडा १२३ च्या वर होता. राजस्थानातलं श्रीगंगानगर आणि आपली परभणी, देशातलं सर्वांत महाग पेट्रोल कुठलं या बातमीत ही नावं वारंवार येत राहिली.

त्याच एप्रिलमध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला २५६ रुपये ठरली होती. दिवसभर उन्हात माती उपसली की दोन लिटर पेट्रोल, वर काही नाणी.

मुंबई-परभणीतल्या फरकाचे हे तीन रुपये येतात कुठून? मुंबईच्या रिफायनरीत तयार झालेलं तेल पाइपलाइननं नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोत येतं. तिथून पुढे परभणीपर्यंत टँकर. रस्ता तीनशे किलोमीटरहून अधिक, साधारण ३४० धरा. जाऊन येऊन ६८०. टँकरचं ॲव्हरेज चार किलोमीटर धरलं, तर १२ हजार लिटर पोचवायला १७० लिटर डिझेल जळतं. त्यात ड्रायव्हर, टोल, टायर, गाडीचा हप्ता मिळवला की लिटरमागे दीड-दोन रुपये रस्त्यातच खर्च झालेले असतात.

इथपर्यंत भूगोल आहे आणि भूगोलाशी भांडता येत नाही. राजकारण याच्या पुढे सुरू होतं. राज्याचा व्हॅट टक्क्यांत आहे, आणि ते टक्के कंपनीचा दर, वाहतूक, केंद्राचं उत्पादन शुल्क, पंपचालकाचं कमिशन या सगळ्यांच्या बेरजेवर लागतात. म्हणजे मनमाड ते परभणी या रस्त्यावरही २५ टक्के कर बसतो. वाहतूक १ रुपयानं वाढली की गिऱ्हाईकाला सव्वा रुपया पडतो. गाव जितकं लांब, तितका सरकारचा वाटा जास्त. परभणीच्या लांब असण्यातून राज्याच्या तिजोरीत भर पडते, हे मला या सगळ्या हिशेबात सर्वांत खटकतं.

टक्क्यांच्या वर रुपयांतला एक आकडाही आहे, आणि त्याची गोष्ट मराठवाड्याशी बांधलेली आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्यानं दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लावला. त्या दुष्काळात मराठवाडा होरपळत होता. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पैसा गोळा करायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. पण दुष्काळ सरला तरी अधिभार उतरला नाही, उलट चढत गेला. महामार्गांवरची दारूची दुकानं हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, महसूल घटला, आणि एप्रिल २०१७ मध्ये पेट्रोलवर आणखी ३ रुपये चढले. मे महिन्यात हा आकडा ११ रुपयांवर गेला. मग थोडा उतरला, करोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, पुन्हा १० रुपये १२ पैसे झाला. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारनं ५ रुपये कमी केले. उरले ५ रुपये १२ पैसे. दुष्काळाच्या नावानं सुरू झालेला कर दुष्काळी जिल्ह्यानं दर लिटरला भरला, पावसाळा बरा गेला त्या वर्षीही भरला.

आता रकमा किती मोठ्या आहेत ते पाहू. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राला पेट्रोलियम पदार्थांवरच्या विक्रीकरातून सुमारे ३४ हजार कोटी रुपये मिळाले. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ही रक्कम डोळ्यांपुढे आणायची तर असं करा: एक माणूस बसवा आणि त्याला दर सेकंदाला एक रुपया मोजायला सांगा, रात्रंदिवस, न थांबता. त्याला १० हजार ७०० हून अधिक वर्षं लागतील. अजिंठ्याचं पहिलं लेणं कोरायला घेतलं, त्याला साधारण बावीसशे वर्षं झाली. त्या दिवशी मोजायला बसलेला माणूस आज जेमतेम पाचव्या हिश्शापर्यंत आला असता. आणि ही रक्कम एका राज्याची, एका वर्षाची. केंद्रानं २०२०-२१ मध्ये पेट्रोलियमच्या उत्पादन शुल्कातून गोळा केलेली रक्कम ३ लाख ७२ हजार कोटींहून अधिक होती. ती मोजायला १ लाख १८ हजार वर्षं. तितकं मागे गेलं तर शेती नाही, गाव नाही, गोदावरीकाठी दगडाची हत्यारं घेऊन फिरणारा माणूस आहे.

मग राज्य म्हणतं, केंद्रानं कमी करावं. केंद्र म्हणतं, राज्यानं करावं. २७ एप्रिल २०२२ च्या बैठकीत पंतप्रधानांनी व्हॅट न घटवणाऱ्या राज्यांची नावं घेतली, त्यात महाराष्ट्र होता. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. दोघांच्या भांडणात परभणीच्या वाहनधारकाला काय मिळालं ते सांगायला नको. पण राज्याच्या बाजूनं एक हिशेब सांगितलाच पाहिजे, कारण तो फारसा कुणी सांगत नाही. त्या दिवसांत केंद्राचं पेट्रोलवरचं शुल्क लिटरला २७ रुपये ९० पैसे होतं. त्यातला राज्यांसोबत वाटून घ्यायचा मूळ भाग फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळं उपकर आणि विशेष शुल्क, ते केंद्राकडेच राहतं. १ रुपया ४० पैशांतले ४१ टक्के सगळ्या राज्यांचे मिळून, म्हणजे ५७ पैसे. पंधराव्या वित्त आयोगानं ठरवलेला महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के, म्हणजे साडेतीन पैशांच्या थोडं वर. महाराष्ट्रात परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार, राज्याच्या दीड टक्क्याहून जरा जास्त. देशात कुठेही विकल्या गेलेल्या एका लिटरवरच्या जवळजवळ २८ रुपयांपैकी परभणीच्या वाट्याला लोकसंख्येच्या हिशेबानं पैशाचा सोळावा भागसुद्धा येत नाही. राज्याचे हात असे बांधलेले असतात तेव्हा ते स्वतःच्या व्हॅटला घट्ट धरून बसतं. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायचं का, हा विषय १७ सप्टेंबर २०२१ ला लखनऊच्या जीएसटी परिषदेत निघाला आणि तिथंच मिटला.

मनात आणलं तर राज्य काय करू शकतं, ते शेजारीच दिसलं होतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटर एका दिवसात सुमारे ११ रुपयांनी उतरलं. निवडणुकीतलं आश्वासन होतं, पाळलं. गोवा लहान, तिथलं उत्पन्न वेगळं, हे मान्य. पण पंपावरचा आकडा मंत्रालयातल्या एका सहीनं हलतो, हे तिथं उघड दिसलं.

आपल्याकडेही सही झाली. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतला पेट्रोलवरचा व्हॅट २६ टक्क्यांवरून २५ वर आणि डिझेलवरचा २४ वरून २१ वर आणला गेला. कारण सांगितलं ते एकसारखेपणाचं: उरलेल्या राज्यात जे दर आहेत तेच मुंबईत. तिथं पेट्रोल ६५ पैशांनी आणि डिझेल २ रुपये ७ पैशांनी स्वस्त झालं. तिजोरीवर भार सुमारे २०० कोटींचा. टक्के एकसारखे झाले आणि परभणी-मुंबईतलं अंतर ६५ पैशांनी वाढलं. आधी मुंबईकर टक्का जास्त देत होता, तेवढीच परभणीला भूगोलाची थोडी भरपाई होती. ती गेली. मराठवाड्यातून यावर फार आवाज उठला नाही याचं मला वाईट वाटतं.

आता परभणीचे तीन रुपये पुसायला किती लागतील? २०२३-२४ मध्ये देशात पेट्रोलचा खप सुमारे ३७२ लाख टन, म्हणजे ५ हजार कोटी लिटरच्या आसपास. माणशी वर्षाला ३६ लिटर. परभणी जिल्ह्यालाही हीच सरासरी लावली तर साडेसहा कोटी लिटर. गुणिले तीन, म्हणजे वीस कोटी रुपये. मुंबईसाठी सोडले त्याचा दहावा हिस्सा. दर सेकंदाला रुपया मोजणाऱ्या त्याच माणसाला हे पैसे मोजायला सव्वासहा वर्षं लागतील. आणि राज्याचा पेट्रोलियमवरचा कर ज्या वेगानं जमा होतो, त्या वेगानं हे वीस कोटी पाच तासांत जमतात. सकाळी सहाला सुरू केलं तर दुपारच्या जेवणाआधी परभणीचं वर्षभराचं अंतर भरून निघतं.

अंतर भरून काढायचं तंत्र देशाला ठाऊक नाही असंही नाही. युरियाची ४५ किलोची गोणी परभणीत आणि ठाण्यात एकाच दरानं, २६६ रुपये ५० पैशांना मिळते. वाहतूक सरकार सोसतं. पोलादाचं भाडं १९५० च्या दशकापासून तीन-साडेतीन दशकं देशभर समान केलेलं होतं. पेट्रोलच्या किमतीही २००२ पर्यंत सरकारी पद्धतीनं ठरत होत्या. कशातलं अंतर सरकारनं सोसायचं आणि कशातलं लोकांनी, हे दर वेळी कुणीतरी ठरवतं.

आणि सरकार तर परभणीला महाग मानतच नाही. कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत: एक्स, वाय, झेड. पन्नास लाखांवर लोकसंख्या असेल तर एक्स, पाच लाखांच्या खाली असेल तर झेड. परभणी शहर २०११ मध्ये तीन लाखांच्या जरा वर, म्हणून झेड. पन्नास हजार मूळ पगारावर मुंबईत ३० टक्क्यांनी १५ हजार घरभाडे, परभणीत १० टक्क्यांनी ५ हजार. घरभाड्यापुरतं हे बरोबरच आहे. वसमत रोडच्या दोन खोल्या आणि दादरच्या दोन खोल्या यांची तुलना कोण करेल? भाजी स्वस्त, ज्वारी घरची, दूध ओळखीचं. पण घर सोडून बाहेर पडलं की झेड वर्ग संपतो. सिमेंट, औषध, मोटरसायकल, मोबाइल, सगळं टँकरमधल्या पेट्रोलसारखंच लांबून येतं. दारिद्र्यरेषेला तर हा फरकही नको असतो. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या शहरी भागाला एकच रेषा होती, माणशी महिन्याला १,१२६ रुपये. मुंबईला तीच, परभणीला तीच. ग्रामीण भागाला ९६७, जिंतूरच्या वाडीला आणि वसईच्या खेड्याला सारखीच. भत्ता देताना परभणी मुंबईपेक्षा स्वस्त, गरीब मोजताना मुंबईएवढीच, आणि पेट्रोल भरताना मुंबईपेक्षा महाग.

मनमाडचं नाव परभणीच्या लोकांना नवं नाही. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला, हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून आलेली रेल्वे मनमाडला पोचायची. ती मीटरगेज. पुढे मुंबईला ब्रॉडगेज. परभणीचा कापूस मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. हमाली, वेळ, नासाडी, सगळं शेतकऱ्याच्या भावातून वजा. रुंदीकरणासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठे १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले. डबा बदलणं थांबलं. अंतर तेवढंच राहिलं.

आजही मोंढ्यात सोयाबीनचा भाव निघतो तो पुढच्या कारखान्याचा भाव वजा भाडं असा निघतो. डिझेल चढलं की भाडं चढतं, भाडं चढलं की शेतकऱ्याचा भाव उतरतो. म्हणजे बाहेरून येणाऱ्या वस्तूचं भाडं परभणी देते आणि बाहेर जाणाऱ्या मालाचंही परभणीच देते. गंगाखेडचा किंवा पाथरीचा शेतकरी माल घेऊन मोंढ्यात येतो, वजन करतो, भाडं वजा झालेला भाव घेतो, आणि घरी जाताना वाटेतल्या पंपावर मोटरसायकल थांबवतो.