किंमत डॉलरमध्ये, हिशेब रुपयांत
(लेखांक 6)

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत तगर नगराचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरच्या या गावातून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाई. त्याच पुस्तकात भडोचबद्दल असे लिहिले आहे की, तिथे आणलेली सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलली तर फायदा होतो. पुस्तक लिहिले होते पश्चिमेकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी, म्हणजे हा सल्लाही त्यांच्याच फायद्याचा. कापड विणणाऱ्या तेरकराला त्या विनिमयाचा भाव कळत होता का, याबद्दल पुस्तक काहीच सांगत नाही. आज तुळजापूरची कवड्यांची माळ वेबसाइटवरून न्यूजर्सीतल्या किंवा दुबईतल्या मराठी घराला विकायची तर भाव पाहायला मोबाइल पुरतो. तरीही चलनबदलाचा पैसा नेमका कुठे जातो, हे बहुतेक विक्रेते तपासत नाहीत. माझे म्हणणे असे की, छोट्या दुकानदाराने परदेशी ग्राहकाला त्याच्याच चलनात एक ठाम किंमत सांगावी आणि चलनबदलाचा खर्च आधीच त्या किमतीत धरावा.

बहुतेक दुकाने दोनपैकी एक सोपी वाट धरतात. पहिली म्हणजे किंमत फक्त रुपयांत लिहायची. मग बदल ग्राहकाची बँक करते, तीही आपल्या दराने आणि वर शुल्क लावून, आणि खरा आकडा त्याला नंतर कार्डाच्या हिशेबात दिसतो. दुसरी वाट म्हणजे रोजच्या दराने आपोआप बदलणारी किंमत. ती फार अचूक वाटते, पण पडद्यावरचा दर आणि पेमेंट कंपनी तुमच्या खात्यात पैसे जमा करताना लावते तो दर हे सहसा वेगळे असतात. उदाहरणादाखल 20 डॉलरची ऑर्डर आणि 85 रुपयांचा बाजारदर धरा. हिशेब 1,700 रुपयांचा. कंपनीने 4 टक्के शुल्क कापले आणि दर 2 टक्के कमी दिला, तर हातात सुमारे 1,600 येतात. उलट बाजारदर 50 पैशांनी हलला तर फरक पडतो 10 रुपयांचा. दहा रुपयांवर रोज नजर ठेवायची आणि शंभर रुपये न पाहताच सोडून द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

यावर आक्षेप येतो की, दर बदलला तर ठाम किंमत अंगलट येईल. 2010 मध्ये डॉलर साधारण 45 रुपयांच्या आसपास होता आणि 2022 मध्ये त्याने 80 ओलांडले. बदल मोठा खरा, पण त्याला बारा वर्षे लागली, आणि डॉलरमध्ये किंमत लावणाऱ्याला तो फायद्याचाच ठरला. रुपया वधारला तर थोडा तोटा होईल. दर तीन महिन्यांनी किंमत तपासली की तोही आवाक्यात राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : परदेशातल्या मराठी माणसाचे इथे एनआरई किंवा एनआरओ खाते असते आणि जानेवारी 2023 मध्ये दहा देशांतल्या मोबाइल क्रमांकांवर अशा खात्यांसाठी यूपीआयची मुभा मिळाली, मग रुपयांतच का घेऊ नये? जरूर घ्यावे, ती सोय ठेवावीच. पण तिथेच जन्मलेल्या नव्या पिढीकडे असे खाते असेलच असे नाही, आणि कुलदैवताची ओढ तिलाही असते.

संगणकाच्या बाजूला एक चूक फार महाग पडते. पैसे अपूर्णांकात न साठवता सर्वात लहान एककात, पूर्णांकात साठवावेत, हे जाणकार सांगतात. पण ते एकक प्रत्येक चलनाचे वेगळे. डॉलरचे 100 सेंट, कुवेती दिनाराचे 1,000 फिल्स, तर जपानी येनला व्यवहारात लहान एककच नाही. सगळीकडे 100 ने गुणणारी प्रणाली 1,500 येनच्या जागी दीड लाख येन मागेल. म्हणून प्रत्येक ऑर्डरसोबत चलन, त्या चलनातली रक्कम, त्या दिवशीचा दर आणि खात्यात प्रत्यक्ष जमा झालेले रुपये, अशा चारही नोंदी ठेवाव्यात.

कायद्याचे थोडक्यात : माल निर्यात करायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो. परदेशी पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2023 रोजी स्वतंत्र नियम केले. तुमची कंपनी रिझर्व्ह बँकेच्या सध्याच्या नियमांत बसते का, जमा करताना ती कोणता दर लावते आणि परकीय रक्कम आल्याचा दाखला देते का, हे तीन प्रश्न दुकान उघडण्याआधी विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. परत केलेल्या मालाचे पैसे कोणत्या दराने द्यायचे, ते पुढच्या लेखांकात पाहू.