बोटाएवढा जवान

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका हे जुने गाव आहे. ज्या केंपेगौडाने १५३७ साली बंगळूर वसविले, त्याचे घराणे या येलहंका नाडाचे प्रभू होते. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ साली, विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागिरीत मिळाले. तेव्हापासून मराठी माणसाचाही या मुलखाशी ऋणानुबंध जडला आहे. आज मात्र येलहंकेचे नाव सर्वतोमुखी झाले आहे ते तेथील वायुसेनेच्या तळामुळे. १९९६ पासून साधारणपणे वर्षाआड तेथे ‘एरो इंडिया’ हे विमानांचे भव्य प्रदर्शन भरते. आकाशातल्या त्या कसरती पाहून परतणाऱ्या एखाद्या मुलाने विमानाच्या किंवा रणगाड्याच्या लहानशा प्रतिकृतीचा हट्ट धरला, तर त्यात नवल ते काय?

अशी प्रतिकृती सुट्या भागांच्या रूपाने पेटीतून मिळते. चाके, पोलादी पट्टे, तोफ हे सारे चिकटवून मूल दोन-तीन सुट्ट्यांत रणगाडा उभा करते. पेटीच्या तळाशी मात्र बोटाएवढी दोन-चार माणसे उरलेली असतात. कुणाचे हात निराळे, कुणाचे डोके निराळे. बहुतेक मुले त्यांना तसेच सोडून देतात, कारण यंत्र रंगविणे सोपे आणि माणूस रंगविणे कठीण. वास्तविक त्या यंत्राला अर्थ येतो तो या माणसांमुळेच. रणगाडा किती मोठा आहे, हे त्याच्या शेजारी जवान उभा केल्याशिवाय डोळ्यांना कळत नाही. आणि तो कशासाठी आहे, हे त्यात बसणाऱ्यांचे चेहरे दिसल्याशिवाय मनाला कळत नाही.

मावळ्यांची परंपरा

छोटे सैनिक रंगविण्याचा हा छंद परदेशातून आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. मराठी घराला तरी ती लागू नाही. दिवाळीत अंगणाच्या कोपऱ्यात दगडमातीचा किल्ला रचावा, त्यावर हळीव पेरून हिरवळ उगवावी, सिंहासनावर शिवाजीमहाराज बसवावे आणि तटाबुरुजांवर मातीचे मावळे उभे करावे, हा आपल्याकडील बाळगोपाळांचा पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग आहे. कुंभारवाड्यातून येणारी ती चित्रे साच्यातून काढलेली आणि चार ठळक रंगांत रंगविलेली असतात: तांबडी पगडी, पिवळा अंगरखा, काळी ढाल, मिशीची एकच रेघ. नोकरीनिमित्त परप्रांती गेलेली मराठी कुटुंबे हा किल्ला आपल्याबरोबर नेतात. अंगण नसले तर गच्चीवर किंवा सज्जातही तो उभा राहतो.

या किल्ल्यात प्रमाणाचा मुलाहिजा नसतो. बुरुजापेक्षा पहारेकरी उंच असतो, दरवाजातून हत्तीच काय पण मावळाही आत जाऊ शकत नाही, आणि महाराज तर साऱ्या गडाहून मोठे दिसतात. मुलाच्या लेखी ज्याचा मान मोठा त्याचा आकार मोठा, हा हिशेब सरळ आहे. प्रतिकृतीच्या छंदात मात्र याच्या उलट शिस्त पाळावी लागते.

प्रमाणाचे गणित

रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १/३५ हे प्रमाण आज जगभर रूढ आहे. ते रूढ झाले जपानमधील तामिया या कारखान्यामुळे. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्या कारखान्याने ‘पँथर’ या जर्मन रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. आत मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे, म्हणून रणगाड्याचा आकार ठरला. तो मोजला तेव्हा मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाजवळ आला. अशा व्यवहारी अडचणीतून निघालेले माप पुढे सर्वांनी प्रमाण मानले. विमानांसाठी १/७२ हे माप प्रचलित आहे. त्यात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो.

पाच फूट आठ इंच उंचीचा जवान १/३५ या प्रमाणात सुमारे पाच सेंटिमीटरचा भरतो. त्याचे डोके साडेसहा मिलिमीटरचे, डोळा एक मिलिमीटरहूनही लहान आणि सदऱ्याची गुंडी अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. एवढ्या जागेत माणूस जिवंत दिसावा, ही या कामाची कसोटी आहे.

युरोपात शिशाचे सैनिक ओतण्याची कला जुनी. १८९३ साली इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिशाचे सैनिक ओतण्याची युक्ती काढली. धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि शिपायांच्या पेट्या घरोघर गेल्या. त्यांत भारतीय घोडदळाचे स्वारही असत. शिसे विषारी असल्यामुळे १९६० च्या दशकात ते मागे पडले आणि प्लॅस्टिक व राळ यांचा काळ सुरू झाला. कुणाच्या घरी आजोबांच्या वेळचे शिशाचे शिपाई असतील, तर ते काचेच्या कपाटात जपून ठेवावेत. लहान मुलांच्या हाती खेळावयास देऊ नयेत.

रंगविण्याची रीत

हे काम खर्चाचे कमी आणि सबुरीचे अधिक आहे. प्रथम सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. साच्याच्या दोन अर्धांच्या जोडावर एक उभी रेघ उमटलेली असते. ती धारदार पात्याने अलगद खरवडावी आणि बारीक पॉलिशपेपरने पुसून टाकावी. बाहीवर किंवा गालावर ही रेघ राहिली, तर पुढील सारे श्रम वाया जातात. आकृतीच्या पायाला टाचणी खोचून ती बुचात रोवावी, म्हणजे रंगविताना अंगाला बोट लागत नाही.

त्यानंतर करड्या रंगाच्या अस्तराचा पातळ हात द्यावा. पुढचे रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्यावेत. ते लवकर वाळतात आणि त्यांचा वासही उग्र नसतो. रंग नेहमी दुधाइतका पातळ करावा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावे, हा नियम जो पाळील त्याच्या सैनिकाच्या कपड्यांच्या चुण्या बुजणार नाहीत. कुंचला फार बारीक हवा असे नाही. त्याचे टोक मात्र सुईसारखे जुळले पाहिजे. हे टोक जुळविण्यासाठी कुंचला ओठांत धरण्याची सवय अनेकांना असते. ती पहिल्या दिवसापासूनच मोडावी.

छायाप्रकाशाचे तत्त्व एकदा ध्यानात आले की अर्धे काम झाले. मोठ्या माणसाच्या अंगावर सूर्यप्रकाश आपोआप छाया पाडतो, पण पाच सेंटिमीटरच्या आकृतीवर ती पुरेशी पडत नाही. म्हणून ती रंगाने दाखवावी लागते. कपड्याचा मूळ रंग वाळल्यावर त्याचाच गडद व अगदी पातळ रंग चुण्यांत सोडावा. तो आपसूक खोलगट भागांत जाऊन बसतो. मग कुंचल्यातील बहुतेक रंग कापडावर पुसून, कोरड्या कुंचल्याने खांदा, कोपर, गुडघा अशा उंचवट्यांवर फिकट रंग हलकेच फिरवावा. सैनिक जणू उन्हात येऊन उभा राहतो.

चेहरा सर्वांत शेवटी आणि सर्वांत सावकाश करावा. पेटीवरील सूचना बहुधा गोऱ्या कातडीच्या असतात. त्या आपल्या जवानाला उपयोगी नाहीत. गेरूचा तांबूस, पिवडीचा पिवळसर आणि किंचित पांढरा यांच्या मिश्रणातून आपल्याकडील सावळा, गव्हाळ, निमगोरा असा प्रत्येक वर्ण साधता येतो. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली गडद छटा द्यावी. नाकाचा शेंडा व गालाची हाडे उजळावीत. डोळ्यात पांढरा रंग भरून मध्ये टिकली देण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे सैनिक भूत पाहिल्यासारखा दिसतो. एवढ्या अंतरावरून खऱ्या माणसाचाही डोळा एका काळसर रेघेसारखाच दिसतो, आणि तेवढी रेघ पुरे असते.

भारतीय सैनिक करावयाचा तर पगडीचा प्रश्न हटकून येतो. पाण्यात कालविलेल्या पांढऱ्या गोंदात पातळ टिश्यू कागदाच्या पट्ट्या भिजवून त्या आकृतीच्या डोक्याभोवती एकावर एक गुंडाळाव्या. वाळल्यावर खऱ्या पगडीप्रमाणे तिचे पेच दिसतात. दाढी, पाठीवरील पोतडी किंवा गुंडाळलेले कांबळे यासाठी दोन भाग मळून घट्ट होणारी एपॉक्सी पुट्टी चालते. ती मळताना हातमोजे घालावेत. पात्याचे आणि तेलरंग पातळ करण्याच्या द्रावणाचे काम वडील माणसाच्या देखरेखीखाली, उघड्या खिडकीजवळ करावे.

गणवेश खोटे बोलू नये

हातचलाखी जमली म्हणजे काम संपले असे नाही. ज्या वर्षीचा जवान, त्या वर्षीचाच त्याचा वेश पाहिजे. १९६५ च्या युद्धातील भारतीय जवान ऑलिव्ह हिरव्या गणवेशात होता. त्याच्या अंगावर आजचा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश चढविला तर ती चूक ठरेल. तो गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या लष्करदिनी प्रथम लोकांसमोर आला. रणगाडादळाची टोपी काळी, छत्रीधारी सैनिकांची लालसर किरमिजी. नाईकाच्या बाहीवर दोन फिती, हवालदाराच्या तीन. रंगविणाऱ्या मुलाला अशा गोष्टी कुणी पाठ करावयास सांगितल्या तर तो कंटाळेल. पण एक फीत चुकू नये म्हणून तो जुनी छायाचित्रे तासन् तास न्याहाळतो आणि त्या निमित्ताने इतिहास वाचतो.

विषयांची तर आपल्याकडे वाण नाही. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरण भागात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला देह ठेवला. पोलादी पॅटनपुढे उघडी जीप केवढी हे एकाच प्रमाणातल्या दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्या की जसे उमगते, तसे पानभर वर्णनानेही उमगत नाही. त्याच युद्धात पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर ११ सप्टेंबरला जखमी झाले. तरी मागे जाण्यास नकार देऊन ते आपल्या सेंचुरियन रणगाड्यावर राहिले आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. रणगाड्याचा नायक सभोवार पाहता यावे म्हणून झाकण उघडून बाहेर डोकावतो. प्रतिकृतीत तेथे कमरेपर्यंतची एकच आकृती लागते. पण हे माहीत झाल्यावर ती रंगविणारा हात आपोआप जपून चालतो.

यंत्राविनाही चित्र उभे राहते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सारे साथी पडले किंवा जखमी झाले. ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ती त्यांनी निकामी केली आणि तेथेच त्यांनी प्राण सोडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या नावाचे स्मारक उभारले गेले. रायगड जिल्ह्यातील या जवानाचे चित्र मराठी मुलाने का रंगवू नये?

रणगाडे प्रत्यक्ष पाहावयाचे तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रोल्स रॉईसची जुनी चिलखती गाडी, सेंचुरियन, आपल्या देशात बांधलेला विजयंता आणि रणांगणात हाती आलेला पॅटन ही सारी तेथे उघड्यावर उभी आहेत. येलहंकेच्या बाजूस राहणाऱ्यांना बंगळूरातच हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे २००१ साली उघडलेले संग्रहालय पाहता येईल. गंज कोठे चढतो, रंग कोठे झिजतो, चिखल कोठे साठतो, याची टिपणे तेथे करून घ्यावीत.

आईबापांचा प्रश्न

विचारी आईबापांच्या मनात येथे एक शंका येते. मुलाला लढाईचा छंद लावावा काय? एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली खेळातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने मांडले. खऱ्या युद्धाच्या मानाने हा खेळ किती बरा, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबत नाही, हे तर उघड आहे. तरी खेळणे हाती घेण्याचे दोन प्रकार असतात. मुठीत दहा शिपाई धरून ‘हे सारे मेले’ म्हणत जमिनीवर आडवे करणे हा एक. एका शिपायावर आठ संध्याकाळी खर्च करून त्याच्या गालावरचा घाम आणि बुटावरची धूळ दाखविणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात मुलाला त्या शिपायाचा चेहरा पाठ होतो, आणि ज्याचा चेहरा पाठ झाला त्याला सहजासहजी आडवा पाडवत नाही.

ज्या घरातले कुणी सीमेवर आहे, त्या घराला हे समजावून सांगावयास नको. वडील ज्या गाडीत बसतात ती कशी असते, तिच्यात ऊन किती लागते, बसावयास जागा किती, हे मूल प्रतिकृती करता करता विचारू लागते, आणि सुट्टीवर आलेल्या वडिलांनाही बोलण्यास एक विषय सापडतो. बोटाएवढ्या त्या जवानाच्या बाहीवर किती फिती काढावयाच्या, एवढेच विचारण्यासाठी एखादे पत्र चौकीवर गेले, तरी या छंदाचे मोल वसूल झाले म्हणावयास हरकत नाही.