मेळघाट

महाराष्ट्र राज्याच्या अमरावती जिल्ह्यातील डोंगराळ व वनाच्छादित प्रदेश. सातपुडा पर्वताच्या गाविलगड या रांगेने तो व्यापला असून त्यात मुख्यतः धारणी व चिखलदरा या तालुक्यांचा समावेश होतो. क्षेत्रफळ सु. ४,००० चौ. किमी.; गावे तीनशेहून अधिक. अनेक घाटांचा येथे मेळ झाल्याने प्रदेशास हे नाव पडले, असे मानतात. याच्या उत्तरेस तापी नदी व मध्य प्रदेश राज्य, तर दक्षिणेस वऱ्हाडचे काळ्या मातीचे मैदान आहे.

भूवर्णन : हा प्रदेश बेसाल्ट खडकाचा आहे. दक्षिणेकडील मैदानातून डोंगराचा कडा एकदम उंचावतो. उत्तरेस मात्र उतार क्रमाक्रमाने तापीच्या खोऱ्याकडे जातो. त्यामुळे खापरा, खंडू, सिपना, गाडगा व डोलार या प्रमुख नद्या तापीस मिळतात. वैराट हे सर्वोच्च ठिकाण (सु. १,१७८ मी.) आहे. पाऊस मैदानापेक्षा अधिक पडतो. तथापि तीव्र उतार व कठीण खडक यांमुळे पाणी फारसे मुरत नाही. उन्हाळ्यात प्रवाह आटतात व नद्यांतील डोह तेवढे उरतात. गावे आणि वन्य पशू या दोहोंचा आधार तेच होत.

वने पानझडी असून साग हा मुख्य वृक्ष आहे. मोह, तेंदू, ऐन, धावडा व बांबू हेही विपुल आहेत. वाघ, बिबळ्या, अस्वल, गवा व सांबर हे प्रमुख प्राणी होत. नामशेष झाल्याचे समजला जाणारा रानपिंगळा १९९७ मध्ये शहादा परिसरात पुन्हा आढळला. त्यानंतर त्याचे मोठे वसतिस्थान मेळघाटात असल्याचे दिसून आले.

इतिहास : वऱ्हाडचे मैदान व नर्मदा-तापी खोरे यांमधील वाटांवर नजर ठेवणारा गाविलगड हा या भागाचा राजकीय कणा होता. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बांधला. पुढे इमादशाहीत त्याची डागडुजी झाली आणि मोगल काळात तो वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होता. नंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने तो जिंकला व किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगाव येथे तह होऊन भोसल्यांना वऱ्हाड सोडावे लागले. किल्ला मात्र त्यांच्याकडे राहिला. १८२२ मध्ये तो निजामाकडे व १८५३ मध्ये वऱ्हाडसह इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८५८ मध्ये इंग्रजांनी त्याची तटबंदी पाडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगले राखीव केली व लाकूडतोडीस मजूर मिळावेत म्हणून वनग्रामे वसविली.

लोक व गावे : कोरकू ही येथील बहुसंख्य जमात. तिची भाषा मुंडा कुलातील असून त्या कुलाच्या भाषांत ती सर्वांत पश्चिमेकडील होय. तिच्या संथाळी, मुंडारी इ. भगिनी भाषा शेकडो किमी. पूर्वेस बोलल्या जातात. यांखेरीज गोंड, निहाल, गवळी, बलई हे लोकही आहेत. कोरकू गावात रुंद रस्त्याच्या दुतर्फा, समोरासमोर तोंडे असलेल्या घरांच्या दोन सरळ रांगा असतात. भिंती बांबूच्या ताट्यांच्या व मातीने लिंपलेल्या असतात. पटेल गावाचा मुख्य, तर भूमका देवकार्य पाहतो. होळी हा मोठा सण असून त्या सुमारास मेघनाथाच्या खांबाची पूजा होते. मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी फलक उभारतात. ज्वारी, मका, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके आहेत. कुटकी, सावा ही जुनी भरड धान्ये मागे पडली आहेत. मोहफुले, तेंदूपाने, डिंक व चारोळी यांमुळे वर्षातील काही महिने हाती पैसा येतो.

या तुटपुंज्या निर्वाहामुळे अनेक कुटुंबे सुगीनंतर मैदानात मजुरीस जातात. पावसाळ्यात घरातील धान्य संपत आलेले असते, नाल्यांच्या पुराने वाटा तुटतात व रोगराईही वाढते. अशा वेळी कुपोषित बालके दगावतात. १९९३ मध्ये या मृत्यूंकडे देशाचे लक्ष वेधले गेले. तेव्हापासून शासकीय व स्वयंसेवी प्रयत्नांनी स्थितीत सुधारणा झाली असली, तरी प्रश्न मिटलेला नाही.

पुनर्वसन : १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी मेळघाट एक होय (१९७४). १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. २००० च्या सुमारास कुंड, बोरी व कोहा ही गावे अकोला जिल्ह्यातील अकोट भागात हलविण्यात आली. पुढे इतर गावेही उठली. २००८ मध्ये प्रत्येक कुटुंबास १० लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. मोकळ्या झालेल्या गावठाणांवर गवत वाढून तृणभक्षी प्राण्यांना कुरणे मिळाली. उलट, जमीन व सोयी अपुऱ्या असल्याच्या तक्रारीवरून काही पुनर्वसित लोक जंगलात परतले व जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. याच परिसरातील पायविहीर गावास २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामस्थांनी उजाड डोंगरावर पुन्हा झाडी उभी केली. वन राखण्यासाठी गाव उठविणे हा एकच मार्ग नाही, हे या उदाहरणाने दाखविले.

चिखलदरा (सु. १,१०० मी.) हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण कॉफीच्या लागवडीसाठी ज्ञात आहे. भीमाने कीचकाचा वध येथेच केला, अशी आख्यायिका आहे. अकोला-खांडवा मीटरमापी लोहमार्ग धुळघाटजवळ वळसा घेऊन या अरण्यातून जात असे. त्याचा वनातील भाग २०१७ पासून बंद आहे.