हनोईच्या रस्त्यावरचा गोंधळ कुणाचा?

हनोईत किंवा हो ची मिन्ह सिटीत नोकरीसाठी राहायला आलेल्या परदेशी माणसाची पहिली तक्रार बहुधा रस्त्याबद्दल असते. फुटपाथवर चढणाऱ्या स्कूटर, उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार, सिग्नलला न जुमानणारा लोंढा. हे पाहून तो लगेच ठरवून टाकतो की या लोकांना शिस्तच नाही. पुण्या-मुंबईहून तिथे फिरायला जाणारे आपले लोकही हेच म्हणतात, आणि स्वतःच्या शहरांबद्दल पाहुण्यांकडून हेच ऐकून घेतात. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, शिवाय घातकही. बेशिस्त रक्तातच आहे असे एकदा मानले की रस्ते सुधारण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही.

व्हिएतनाममध्ये सुमारे दहा कोटी लोक आहेत आणि नोंदलेल्या दुचाकी सात कोटींच्या वर. १९८६ साली तिथे आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, तोपर्यंत शहरे सायकलवर चालत होती. पुढच्या दोन दशकांत सायकलची जागा मोटारसायकलने घेतली, गल्ल्या मात्र तेवढ्याच अरुंद राहिल्या. अनेक कुटुंबे अशा बोळांत राहतात की दारापर्यंत मोटार जातच नाही. त्यामुळे सायकलींच्या गर्दीत मुरलेली वागण्याची रीत इंजिन लावून तशीच पुढे चालू राहिली असावी. या रीतीलाही नियम आहेत. स्वार मुख्यतः समोर पाहतो, पुढे असलेल्याचा हक्क मानतो, हॉर्न वाजवतो तो ‘मी मागे आहे’ हे कळवायला. पायी रस्ता ओलांडणाऱ्याला तिथले लोक सांगतात की एका संथ चालीने चालत राहा, मध्येच थबकू नका, पळू नका, मागे फिरू नका. पाऊल कुठे पडणार हे स्वाराला आधीच दिसते आणि तो हँडल जरासे वळवून मागून निघून जातो. बाहेरच्याला दिसतो तो गोंधळ म्हणजे खरे तर क्षणाक्षणाला चाललेली देवाणघेवाण असते.

मग आहे ते चांगलेच आहे, असे काही जण कौतुकाने म्हणतात. ते मला मान्य नाही. ही देवाणघेवाण ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगात जमते. महामार्गावर वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, बाजूला मालट्रक असतो आणि नजरानजर व्हायला वेळच मिळत नाही. व्हिएतनाममध्ये दरवर्षी हजारो माणसे रस्त्यावर मरतात. २०२४ साली सरकारी हिशेबानेच हा आकडा दहा हजारांवर गेला होता. ज्या घरातला कमावता माणूस असा जातो, त्या घराला रस्त्यावरच्या अलिखित नियमांचे कौतुक काय सांगणार?

ही वागणूक बदलता येते, याचा सर्वांत भक्कम पुरावा हेल्मेटचा आहे. २००७ च्या सप्टेंबरपासून महामार्गांवर आणि १५ डिसेंबरपासून सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे झाले. त्याआधी ते घालणारे फार तर तिसरा हिस्सा होते. काही दिवसांतच हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. आदल्या दिवशीची माणसे आणि दुसऱ्या दिवशीची माणसे तीच होती. फरक पडला तो सगळीकडे एकाच दिवशी लागू झालेल्या नियमाने, चौकाचौकात उभ्या पोलिसांनी आणि उकाड्यात सहन होतील अशी हलकी हेल्मेट बाजारात आलेली असल्याने. पुण्यात हेल्मेटसक्ती दर काही वर्षांनी येते, विरोध होतो आणि ती ढिली पडते. हा फरक पुणेकर आणि हनोईकर यांच्या स्वभावातला नाही, सरकारच्या निर्धारातला आहे.

नुसत्या दंडाने मात्र भागत नाही, हेही व्हिएतनामनेच दाखवले. १ जानेवारी २०२५ पासून दुचाकीने सिग्नल तोडल्याचा दंड चाळीस ते साठ लाख डाँगवर गेला. म्हणजे साधारण तेरा ते वीस हजार रुपये, सामान्य कामगाराच्या महिन्याच्या कमाईचा मोठा वाटा. लोक मुकाट्याने थांबू लागले आणि हो ची मिन्ह सिटीत जागोजागी कोंडी झाली. लाल दिव्यावर उजवीकडे वळणे, फुटपाथवरून पुढे सरकणे यावरच तिथली वाहतूक इतकी वर्षे तोलली गेली होती. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवे वळण आपल्या डाव्या वळणासारखे सोपे असते. शेवटी प्रशासनाला अनेक चौकांत लाल दिव्यावरही उजवीकडे जाऊ देणारे बाणाचे दिवे बसवावे लागले. ते आधी बसवले असते तर अनेकांचा दंड वाचला असता. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तर असा एक दंड म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. त्यांना दुचाकीशिवाय पर्यायही नाही, आणि एवढ्या अवाढव्य शहराची मेट्रोची पहिली, जेमतेम वीस किलोमीटरची मार्गिका धावू लागली ती डिसेंबर २०२४ मध्ये, हा दंड वाढण्याच्या अवघे दहा दिवस आधी.