पाटी काढली, घर उभंच

कवितेत एक शब्द चुकला तर ओळ पडते. संगणकाच्या माहितीपुस्तिकेतला शब्द नीट वाचला नाही, तर लिहिलेलंच हातचं जाऊ शकतं.

'पायथन' या संगणकभाषेत 'डेल' अशी एक आज्ञा आहे. नवशिक्याला वाटतं, डेल म्हणजे वस्तू पुसली. तसं नाही. डेल फक्त वस्तूचं नाव काढतं. दारावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही. त्याच वस्तूला दुसरं नाव असेल, तर ती स्मृतीत तशीच राहते. तिच्यापर्यंत पोचणारी एकही वाट उरली नाही, की मगच ती 'कचरावेचणी'च्या वाट्याला येते. ही स्वयंचलित वेचणी जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली 'लिस्प' भाषेच्या संदर्भात मांडली.

वेचणी कधी होईल, याचं वचन मात्र पायथन देत नाही. म्हणून पुस्तिका 'वेचली जाते' म्हणत नाही, 'वेचली जाऊ शकते' म्हणते. त्या 'शकते'कडे दुर्लक्ष करून फाइल उघडी सोडली, तर मजकूर पुरता डिस्कवर उतरेलच असं नाही. फाइल आपली आपणच बंद करावी.